आजार सांगण्याची किंमत



विषाणूंविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, अर्थशास्त्राने त्यात लुडबूड करू नये, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. रोगाचे निदान आणि औषधयोजना हा वैद्यकाचा प्रांत आहे, याबद्दल वाद नाही. परंतु विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे का जातो आणि कोठे थांबतो, या प्रश्नाचे सारे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. त्याचा बराच भाग मजुराच्या हजेरीपटात, राहत्या खोलीच्या लांबीरुंदीत, नळाला किती दिवसांनी पाणी येते यात आणि गावाच्या जिभेवर असतो. ताप आलेला माणूस तसे मोकळेपणाने सांगू शकतो की नाही, आणि सांगितले तर त्याचे काय नुकसान होते, यावर साथीची वाटचाल फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

त्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घेणे सोयीचे ठरेल. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा उसाचा पट्टा, पूर्वेकडचा माण-खटाव-आटपाडी-जतचा दुष्काळी मुलूख आणि पश्चिमेकडचा पाटण-जावळीचा डोंगर अशी तीन प्रकारची अर्थव्यवस्था येथे शेजारी शेजारी नांदते. विषाणूने या तिन्हींची ओळख वेगवेगळ्या वाटेने करून घेतली आहे.

विषाणूचे काम कसे चालते

विषाणूचा माग पहिल्यांदा लागला तो तंबाखूच्या पानावर. निपाणी, कोल्हापूर आणि सांगली या भागांना तंबाखूचे पीक नवे नाही. त्या पानावर ठिपके पाडणाऱ्या एका रोगाचा अभ्यास करताना रशियातील इव्हानोव्हस्की यांना १८९२ मध्ये असे आढळले की, रोगट पानाचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून घेतला, तरी तो निरोगी रोपाला रोग लावतो. १८९८ मध्ये हॉलंडमधील बेयरिंक यांनी हा जिवाणूंहून निराळा पदार्थ असल्याचे प्रतिपादन केले. जिवाणू ही एक स्वतंत्र पेशी असते. ती अन्न घेते, वाढते, दुभंगते. विषाणूला यापैकी काहीही स्वतःच्या बळावर करता येत नाही. आनुवंशिक मजकुराचा एक धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. काहींच्या कवचावर स्निग्ध पदार्थाचे आणखी एक आवरण असते. कोरोनाचा विषाणू इतका लहान, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे सुमारे दहा हजार कण एका ओळीत मावतील.

हा कण शरीरातील पेशीला चिकटतो, तोही वाटेल त्या पेशीला नव्हे. कुलपाला किल्ली बसावी तशी त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने पेशीच्या ठरावीक रेणूला बसावी लागतात. आत शिरल्यावर तो आपला मजकूर पेशीच्या हवाली करतो. एखाद्या साखर कारखान्यात कोणी परका बनावट हुकूम घेऊन शिरावा आणि कारखान्याचीच यंत्रे, कारखान्याचेच कामगार, कारखान्याचाच कच्चा माल वापरून त्याने स्वतःचे उत्पादन काढून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. पेशी हजारो नवे विषाणू तयार करते आणि ते शेजारच्या पेशींकडे निघतात. शरीराची संरक्षणव्यवस्था जागी होते, ताप येतो, अंग दुखते. पुष्कळदा हे दुखणे विषाणूमुळे जितके असते तितकेच त्याच्याशी चाललेल्या लढाईमुळेही असते.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. साध्या सर्दीतापासाठी ती गोळी मागून घेणारा रुग्ण आणि ती देणारा दुकानदार दोघेही पैसा वाया घालवतात, आणि जिवाणूंना त्या औषधाला सरावण्याची संधी देतात ती वेगळीच. ज्या विषाणूंना स्निग्ध आवरण आहे त्यांचे ते आवरण साबणाने विरघळते. म्हणून साध्या साबणाने हात धुण्याला शास्त्रीय आधार आहे. आणि विषाणूच्या मजकुराची नक्कल होताना नकलनविसाच्या हातून व्हाव्यात तशा चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात; एखादी मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. २०२१ च्या उन्हाळ्यात ज्या डेल्टा प्रकाराने देशाला रडवले तो अशाच चुकांतून निपजला. जितक्या जास्त शरीरांत विषाणू फिरेल तितक्या नकला, आणि जितक्या नकला तितकी नव्या प्रकाराची शक्यता. एका गावातील दुर्लक्षित साथ दुसऱ्या खंडालाही महाग पडू शकते, ती या कारणाने.

परंतु समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. विषाणू शरीरात शिरणे आणि माणसाला आपण आजारी आहोत हे कळणे, या दोहोंमध्ये काही काळ जातो. कोरोनाच्या आरंभीच्या प्रकारांत हा काळ साधारणतः पाच दिवसांचा आणि क्वचित चौदा दिवसांपर्यंतचा होता. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकत होता. या मुदतीत कोणाचाही दोष नसतो. कारण कोणालाच काही ठाऊक नसते. लक्षणे दिसल्यानंतर मात्र दुसरी मुदत सुरू होते. माणसाला कळलेले असते, पण त्याने अद्याप सांगितलेले नसते. पहिली मुदत निसर्गाने ठरवलेली आहे. दुसरी मुदत समाज ठरवतो. साथ रोखण्याची पुष्कळशी कला ही दुसरी मुदत कमी करण्यात आहे.

पोटापाण्याच्या वाटा

विषाणूला पाय नाहीत. तो माणसाच्या, डासाच्या किंवा जनावराच्या पायांनी चालतो, आणि माणूस बहुधा पोटासाठी चालतो. पाटण-जावळीच्या डोंगरी भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत ओझी उचलण्यासाठी गेली. त्यांच्या मनीऑर्डरींवर गावाकडच्या चुली पेटल्या. १९६९ चा माथाडी कायदा याच कष्टकऱ्यांच्या चळवळीचे फळ, आणि त्या चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली तेव्हा मुंबई घरात बसली, पण मुंबईचे पोट थांबले नाही. वाशीच्या घाऊक बाजारात भाजीपाला, धान्य, कांदा-बटाटा उतरवणारे हात चालूच राहिले. तेथे संसर्ग इतका पसरला, की ११ ते १७ मे या काळात तो बाजार बंद ठेवावा लागला. त्याच महिन्यात मुंबईतील माणसे गावी परतू लागली आणि साताऱ्याच्या खेड्यांतील रुग्णसंख्या वाढली. ज्यांच्या पैशांवर गावातील मंदिरांचे जीर्णोद्धार झाले त्यांनाच गावाच्या वेशीवर संशयाने पाहिले गेले. त्यांना शाळेच्या खोल्यांत ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य होते. त्यांना अपराध्यासारखे वागवणे योग्य नव्हते, आणि फायद्याचेही नव्हते. ज्याला अपराधी ठरवले जाते तो दिवसाउजेडी येत नाही. तो रात्री आडवाटेने येतो आणि आल्याचे कोणाला सांगत नाही.

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागाची कथा वेगळी नाही. दुष्काळाने येथील तरुणांना सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात ढकलले, आणि विटा परिसरातील माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफकट्ट्यांवर पोचली. असा स्थलांतरितांचा समाज हा नव्या विषाणूच्या वाटेवर पहिला असतो आणि मदतीच्या वाटेवर बहुधा शेवटचा.

डासाने पसरणारे डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे रोग दुसऱ्या वाटेने येतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके तो रोग देशात जवळजवळ दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उफाळला. हे रोग पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत, असा आरोग्य खात्याचा उपदेश असतो. उपदेश शंभर टक्के बरोबर आहे. परंतु माण, आटपाडी किंवा जत तालुक्यात ज्या घरी उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, त्या गृहिणीने पिंपातले पाणी ओतून द्यावे हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे? तिच्या दृष्टीने पिंप भरलेले असणे हीच सुरक्षितता आहे. तेथे डासाचा बंदोबस्त घट्ट झाकणाने आणि त्याहूनही अधिक नियमित नळाने होईल. पाणीपुरवठा हे या अर्थाने आरोग्य खात्याचेच काम आहे, ते दुसऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकात दाखवले जाते एवढेच.

विषाणूचा मूळ मुक्काम प्राण्यांत असतो, याचाही दाखला साताऱ्यातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांपैकी काहींमध्ये निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, आणि २०२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केरळमध्ये २०१८ साली माणसांचे बळी घेणारा हाच विषाणू. महाबळेश्वरात त्याने माणसाला आजार झाला नव्हता. वटवाघळे मारून टाका, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. वटवाघूळ आपल्या गुहेत असते तोवर त्याचा विषाणूही तेथेच असतो. जंगल तुटले, गुहेत गर्दी झाली, उष्टी फळे माणसाच्या हाती आली, की अंतर कमी होते. या निष्कर्षाचे खरे मोल सावधगिरीत आहे. रोग येण्यापूर्वीच कोणीतरी सरकारी पगारावर गुहेत उतरून नमुने घेत होते, ही गोष्ट कोणत्याही बाजारभावात मोजता येणार नाही.

लपवणुकीचा जुना धडा

साथ आणि लपवणूक यांचे नाते महाराष्ट्राने १८९७ मध्ये पाहिले आहे. तो रोग प्लेगचा, म्हणजे जिवाणूचा होता, विषाणूचा नव्हे. परंतु माणसांच्या वागणुकीचा धडा तोच आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसांना छावण्यांत नेले, सामानाची नासधूस केली. लोकांनी काय केले? रुग्ण लपवले, प्रेते लपवली. रोगाइतकीच रोगनिवारणाची भीती बसल्यावर दुसरे काय होणार? २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक विचार करण्याजोगी आहे. साताऱ्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने सावित्रीबाईंचा अंत झाला. झडती घेणाऱ्यापासून रुग्ण लपवला जातो. सेवा करणाऱ्याच्या दारी तो स्वतःहून आणला जातो.

सव्वाशे वर्षांनंतर, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात कोरोनासाठी तोच १८९७ चा कायदा लागू करण्यात आला. राज्य स्वतंत्र झाले, लोकशाही आली; साथीच्या वेळी हाती घ्यायचे हत्यार मात्र परकीयांनी घडवलेलेच राहिले. त्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, परंतु आजाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीविषयी अवाक्षर नाही.

इस्लामपुरात काय घडले

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे गाव, त्या वेळच्या नावाने इस्लामपूर, याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. परदेशातील धर्मयात्रेहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोरोनाचा संसर्ग असल्याचे २३ मार्च २०२० रोजी स्पष्ट झाले. आठवड्याभरात त्यांच्या निकटच्या नातलगांसह ही संख्या २५ वर गेली. मुंबई-पुण्याच्या बाहेर एवढी मोठी संख्या एकाच ठिकाणी तेव्हा क्वचितच होती. सारा महाराष्ट्र या गावाकडे भयाने पाहू लागला.

प्रशासनाने गावाचा तो भाग बंद केला, संपर्कात आलेल्यांच्या याद्या केल्या, त्यांना वेगळे ठेवले आणि रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवले. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांपैकी बहुतेक रुग्ण बरे झाले आणि ही साखळी त्या निकटच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. या यशाला पुढे ‘इस्लामपूर पॅटर्न’ असे नावही मिळाले.

त्यामागचे कारण कोणते? बंदोबस्त होता, हे खरे. परंतु केवळ बंदोबस्ताने याद्या तयार होत नाहीत. कोण कोणाकडे जेवायला गेले, कोण कोणाला भेटले, हे पोलिसांना दिसत नाही. ते माणसाने स्वतः सांगावे लागते. नाव सांगितलेल्या नातलगाला उपचार मिळतील, पैसे पडणार नाहीत, त्याला तुरुंगात नव्हे तर दवाखान्यात नेतील, एवढा भरवसा असला म्हणजेच नावे बाहेर येतात. मिरजेसारखे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर होते, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. ते रुग्णालय कोणी साथीच्या आठवड्यात बांधले नव्हते. १९६२ पासून सार्वजनिक पैशातून ते उभे होते. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरजेत रुग्णसेवेची जी परंपरा रुजली, तीही पाठीशी होती.

याच काळात ठिकठिकाणी रुग्णांची नावे आणि छायाचित्रे मोबाईलवरून फिरवली जात होती. कोणाच्या धर्माचा, कोणाच्या गल्लीचा उद्धार होत होता. असे करणाऱ्यांना आपण गावाचे रक्षण करतो असे वाटत असावे. प्रत्यक्षात त्यांनी पुढच्या रुग्णाला एकच गोष्ट शिकवली, की आजार सांगू नये.

खाडा

अब्रूची किंमत झाली, आता पैशाची. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार कृष्णाकाठी येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. एक दिवस काम चुकले तर मजुरी तर जातेच, वर खाड्याची रक्कम अंगावर चढते. पालाच्या झोपडीत राहणाऱ्या अशा कामगाराला ताप आला तर त्याने अंथरुणावर पडून राहावे, की कोयता उचलावा? सरकारी भित्तिपत्रक म्हणते, घरी राहा. मुकादमाची वही म्हणते, फडावर ये. भित्तिपत्रकाला भाकरी लागत नाही, माणसाला लागते. २०२० च्या टाळेबंदीत असे एक लाखाहून अधिक कामगार कारखान्यांच्या आवारांत अडकून पडले आणि १७ एप्रिलनंतर त्यांना गावी जाण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या आजारपणाचा हिशेब तोवर कोणाच्याही दप्तरात नव्हता.

संघटित कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य विमा योजना आहे. तिच्याखाली येणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ही काही दया नव्हे. कारखान्यातील एक आजारी कामगार कामावर आला तर दहा जणांना आजारी करील, हा त्यात व्यवहार आहे. परंतु शेतमजूर, ऊसतोड कामगार, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई यांना हा व्यवहार लागू नाही. वास्तविक लोकांमध्ये सर्वाधिक मिसळणारे तेच आहेत.

याउलट एक उदाहरण जनावरांचे आहे. २०२२ मध्ये लम्पी या चर्मरोगाच्या विषाणूने महाराष्ट्रातील गोवंशाला गाठले. चावणाऱ्या माशा, डास आणि गोचिडे यांच्याद्वारे तो पसरतो. माणसाला तो होत नाही. खिलार बैलांसाठी प्रसिद्ध असलेल्या माण-आटपाडीच्या शेतकऱ्यांच्या काळजाला हात घालणारा असा हा रोग. सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, फुकट लस टोचली, आणि मृत जनावरासाठी भरपाई जाहीर केली: दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. रक्कम पुरेशी होती असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. पण भरपाई मिळवायची तर रोग कळवावा लागतो, आणि कळवलेला रोग आवरता येतो. जनावराच्या आजाराची खबर देणाऱ्याला काही मिळावे हे सरकारला समजले. माणसाच्या आजाराची खबर देणाऱ्या मजुराच्या बाबतीत हेच तर्कशास्त्र कोठे अडते?

लस आणि बाजार

प्रतिबंधाचे सर्वांत प्रभावी साधन लस. ती शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते, त्यामुळे खरा विषाणू आल्यावर संरक्षणव्यवस्थेचा वेळ जात नाही. परंतु लशीचे अर्थशास्त्र साबणाच्या वडीसारखे नाही. लस घेणाऱ्याला लाभ होतो तसाच तो, विषाणूची वाट अडल्यामुळे, न घेणाऱ्या शेजाऱ्यालाही होतो. गोवरासारखा अतिशय वेगाने पसरणारा रोग रोखण्यासाठी शंभरांतील ९५ मुलांना लस मिळावी लागते. ज्या वस्तूचा लाभ पैसे न देणाऱ्यालाही होतो आणि तसा तो व्हायलाच हवा, ती वस्तू बाजाराच्या हवाली केली की कमी पडते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवली जाणारी ही गोष्ट आहे.

तरीही २०२१ च्या मे महिन्यात, दुसरी लाट ऐन भरात असताना, देशात एकाच कोविशील्ड लशीचे तीन भाव होते: केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३००, खासगी रुग्णालयांना ६००. राज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करून लस मिळवावी अशी अपेक्षा होती. २१ जूनपासून केंद्रानेच राज्यांसाठी खरेदी करून ती प्रौढांना मोफत देण्याचे धोरण सुरू झाले. तोवर मोलाचे आठवडे गेले होते. ऑगस्टच्या आरंभी राज्याने निर्बंध शिथिल केले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांना ती सवलत मिळाली नाही त्यांत सातारा आणि सांगली हे दोन्ही होते. मधल्या जुलैत कृष्णेला महापूर आला आणि पाटणच्या डोंगरात दरडी कोसळल्या. एकमेकांपासून अंतर राखा, असे सांगितलेली माणसे निवाऱ्यासाठी एका छपराखाली गोळा झाली.

देवीचा रोग या देशातून १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचा शेवटचा रुग्ण भारतात जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. दोन्ही वेळा लस फुकट होती आणि ती लोकांच्या दारापर्यंत नेली गेली. दारापर्यंत नेणारे हात बहुतांशी कमी पगाराचे होते. कोरोनाच्या काळात हे काम आशा कार्यकर्त्यांनी केले. घरोघर जाऊन ताप मोजणे, याद्या करणे, औषधे पोचवणे यासाठी केंद्राकडून त्यांना महिन्याला १,००० रुपये जादा मिळत. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७०,००० आशांना आठवडाभर संप करावा लागला, तेव्हा त्यांच्या पदरात १,५०० रुपयांची वाढ पडली. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. घरातील बाई आपल्या मुलाचा ताप पोलिसाला सांगत नाही, तालुक्याच्या अधिकाऱ्यालाही सांगत नाही. ती गल्लीतल्या आशाताईला सांगते. साऱ्या रोगनियंत्रणाची पहिली बातमी ज्या बाईकडे येते, तिला निश्चित वेतन नसावे, यापरता उफराटा हिशेब दुसरा नसेल.

करायचे काय

हात धुणे, खोकताना तोंड झाकणे, खिडक्या उघड्या ठेवणे, पिंपावर झाकण घालणे, मुलांचे लसीकरण वेळेवर करणे ही प्रत्येकाची कर्तव्ये आहेत आणि त्यांत कसूर करणाऱ्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु वैयक्तिक कर्तव्याचा उपदेश करून सार्वजनिक जबाबदारीतून सुटका होत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते; ते उद्दिष्ट कागदावरच राहिले. त्याच्या जोडीला चार मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. असंघटित कामगाराला साथीच्या काळात वेगळे राहावे लागले तर त्या दिवसांची मजुरी सार्वजनिक निधीतून मिळावी. ऊसतोडीच्या करारात आजारपणाचा खाडा बेकायदा ठरावा. आशा कार्यकर्त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेतन मिळावे. आणि १८९७ च्या कायद्याच्या जागी रुग्णाचे हक्क, त्याची गुप्तता आणि त्याची भरपाई मान्य करणारा कायदा यावा.

यासाठी पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. टाळेबंदीचा एक दिवस देशाला किती महाग पडतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. आजारी मजुराला चौदा दिवसांची मजुरी देणे हे गावाचा बाजार चौदा दिवस बंद ठेवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. ग्रामसभेला मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढची साथ येण्यापूर्वी, गाव निरोगी असतानाच, प्रत्येक ग्रामसभेने एका प्रश्नाचे उत्तर ठरवून ठेवावे: ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याने उद्या आपला आजार सांगितला, तर त्याच्या घरी धान्य कोण पोचवणार? ते नाव ठरवून फळ्यावर लिहून ठेवले, तर आजारी माणसाला आपले नाव सांगताना भीती वाटणार नाही.